पोर्तुगीज काळातला सागरी नकाशा वाचायचा कसा? नवख्यांसाठी काही पायऱ्या

सोळाव्या शतकातला सागरी नकाशा पहिल्यांदा समोर आला की नजर आधी चित्रांवर जाते. सोनेरी झेंडे, शिडं फुगलेली जहाजं, आफ्रिकेच्या पोटातले पोपट. त्यानंतर हमखास एक वाक्य येतं, ‘बघा, भारत किती चुकीचा काढलाय.’ पण जहाजावरच्या वाटाड्याला भारताच्या आकाराशी काही देणंघेणं नव्हतं. कुठल्या दिशेला सुकाणू धरायचं, किती उत्तरेला आलो आणि खाडीच्या तोंडाशी खडक कुठे आहेत, एवढंच त्याला हवं होतं. नकाशाला हेच तीन प्रश्न विचारत गेलं तर तो वाचता येतो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. सोबत एक मोजपट्टी, कोनमापक, दोरा आणि पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा.

पायरी १: एकच नकाशा धरा, एकच किनारा धरा

शंभर नकाशे चाळण्यापेक्षा एकावर बसा. सुरुवातीला १५०२ सालचा काँतीनो नकाशा उत्तम. इंटरनेटवर त्याच्या मोठ्या प्रती सहज मिळतात, अक्षरं वाचता येतील इतक्या मोठ्या. चर्मपत्राचे सहा तुकडे जोडून केलेला हा नकाशा साधारण सव्वादोन मीटर रुंद आहे. लिस्बनमध्ये तो कुणी काढला हे नोंदलेलं नाही. फेराराच्या ड्यूकचा माणूस अल्बेर्तो काँतीनो याने तो १२ सोन्याच्या डुकाटांना मिळवला आणि इटलीत पाठवला. पोर्तुगालचा दरबार नव्या मार्गांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून धडपडत होता, त्यामुळे हा सौदा उघडपणे झालेला नव्हता. १८५९ च्या धामधुमीत मॉडेनाच्या राजवाड्यातून नकाशा नाहीसा झाला आणि पुढे जुझेप्पे बोनी यांना तो एका खाटकाच्या दुकानात आडोशाच्या पडद्यासारखा लावलेला सापडला. आता तो मॉडेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे.

किनारा मात्र ओळखीचा घ्या. मराठी वाचकाला कोकणपट्टीइतका सोयीचा किनारा दुसरा नाही, कारण खाड्यांचा क्रम आपल्याला आधीच पाठ असतो. त्यासाठी दुसरं साधन म्हणजे जुआंव द कास्त्रो याचं गोवा ते दीव हे मार्गपुस्तक. १५३८ च्या अखेरीस दीवच्या मदतीला निघालेल्या आरमाराबरोबर तो गेला आणि वाटेतली बंदरं, खाड्या, खडक, पाण्याची खोली असं सगळं टिपत गेला. त्याच्या प्रवासांतली बंदरांची रंगीत चित्रं कोइम्ब्रा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. हाच कास्त्रो पुढे गोव्याचा गव्हर्नर आणि शेवटी व्हाइसरॉय झाला. दीवची तटबंदी पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून गोवेकरांकडे स्वतःच्या दाढीचे केस गहाण ठेवणारा तोच. लोकांना तेवढंच आठवतं. माझ्या मते त्याचं खरं काम खाड्यांच्या तोंडाशी झालं.

पायरी २: हा नकाशा कुणासाठी केला होता?

ढोबळमानाने तीन जाती आहेत. हाताने काढलेला, चर्मपत्रावरचा, समुद्रभर रेषांचं जाळं असलेला आणि किनाऱ्याच्या आतला प्रदेश जवळजवळ रिकामा ठेवलेला नकाशा हा सागरी तक्ता. तांब्याच्या पत्र्यावरून किंवा लाकडी ठशावरून छापलेला, जमिनीवर डोंगर-नद्या भरलेला आणि कडेला अंशांची चौकट असलेला नकाशा हा घरात बसून बघायचा. तिसरी जात नकाशाच नव्हे. ती मार्गपुस्तकं, ज्यांत ‘अमुक टोक दिसलं की इतक्या वाव पाण्यात थांबा’ अशा सूचना असतात (वाव म्हणजे पाण्याची खोली मोजायचं जुनं माप).

सीमा पुसट आहेत. काँतीनो नकाशाची आखणी सागरी तक्त्याची, पण सजावट राजवाड्याची. जहाजावर वापरलेले तक्ते ओल्या हवेने, मिठाने, घड्यांनी आणि टोचण्यांनी संपले. आपल्यापर्यंत पोचले ते बहुतेक श्रीमंतांच्या कपाटातले. म्हणून एखाद्या नकाशावर फार सोनं दिसलं तर तो समुद्रावर गेला नव्हता असं धरून चाला.

पायरी ३: रेषांचं जाळं सोडवा

नकाशाभर आडव्या-तिडव्या पसरलेल्या रेषा म्हणजे अक्षांश-रेखांश नव्हेत. नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्या वाऱ्यांच्या, म्हणजे दिशांच्या रेषा आहेत. तक्ता काढणारा आधी एक मोठं वर्तुळ कल्पतो, त्याच्या परिघावर १६ बिंदू घेतो आणि ते एकमेकांना जोडतो. रंगांचा संकेत ठरलेला होता. मुख्य आठ दिशा काळ्या किंवा तपकिरी, त्यांच्या मधल्या आठ हिरव्या आणि उरलेल्या सोळा लाल. एकूण ३२ दिशा, दोन दिशांत सव्वाअकरा अंशांचं अंतर.

वापरायची रीत अशी. निघायचं बंदर आणि पोचायचं बंदर यांच्यामध्ये मोजपट्टी ठेवा. तिला समांतर जाणारी जवळची दिशारेषा शोधा. ती ज्या कमळाकृती दिशाचक्रातून निघते तिथे जाऊन दिशा वाचा. होकायंत्र पाहून जहाज त्या दिशेला धरायचं, एवढंच. पडद्यावर हे करून बघायला हरकत नाही. कागदावर छापून केलंत तर हात लवकर बसतो.

पायरी ४: नावं वाचायला नकाशा फिरवा

किनाऱ्यावरची नावं समुद्रात न लिहिता जमिनीच्या बाजूला, किनाऱ्याला काटकोनात लिहिलेली असतात. समुद्राची बाजू मोकळी ठेवायची असते, कारण वाटाड्याला तिथे खुणा करायच्या असतात. नावं वाचत गेलात की नकाशा हातात फिरतो. अशा तक्त्याला ‘वरची बाजू’ अशी नसतेच. छापील नकाशांची वरची बाजू असते, पण ती उत्तरच असेल असं नाही. लिन्सखोटेनच्या पुस्तकातल्या आग्नेय आशियाच्या नकाशात पूर्व वर आहे. आधी दिशाचक्र शोधा, मग मत बनवा.

लाल शाईतली नावं मोठ्या बंदरांची. छोटे फुलीचे ठिपके म्हणजे खडक, बारीक टिंबांचा पुंजका म्हणजे वाळूचा उथळ भाग. कोकणासाठी एवढी ओळख पुरेल. ‘दाबुल’ म्हणजे दाभोळ, ‘शाउल’ म्हणजे चौल, ‘बासाइं’ म्हणजे वसई. नाव लागत नसेल तर त्याचे शेजारी पाहा. दक्षिणेला कोण आहे, उत्तरेला कोण आहे आणि मध्ये किती खाड्या आहेत, यावरून बहुतेक नावं उलगडतात. स्पेलिंगपेक्षा क्रमावर जास्त विश्वास ठेवा.

पायरी ५: उत्तर-दक्षिण तपासा (इथे सर्वांत जास्त वेळ द्या)

अक्षांश मोजता येत होते. या काळातल्या सागरी नकाशांचं बरंचसं बळ या एका गोष्टीत आहे. समुद्रात आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहोत हे ध्रुवताऱ्याच्या किंवा दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून कळतं. म्हणून लांबच्या सफरीत वाटाडे सरळ बंदराकडे न जाता आधी बंदराच्या अक्षांशावर पोचत आणि मग तो अक्षांश न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला जात. मोजता येतं त्याच्या आधाराने चालायचं, ही त्यामागची अक्कल.

अक्षांशाची पट्टी असलेला आज माहीत असलेला सर्वांत जुना तक्ता पेद्रो रायनेल याचा, साधारण १५०४ चा. काँतीनो नकाशावर पट्टी नाही, पण विषुववृत्त आणि दोन्ही अयनवृत्तं, म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त, काढलेली आहेत. तेवढ्यावरही काम भागतं. विषुववृत्त ते कर्कवृत्त हे अंतर साडेतेवीस अंश. ते मोजपट्टीने मोजा, एका अंशाला किती मिलिमीटर येतात ते काढा आणि हवं ते टोक तपासा. नंतरच्या तक्त्यांवर पट्टी असतेच. ताडून पाहायला आजचे अक्षांश असे: पणजी १५.५, दाभोळ १७.६, चौल १८.५, वसई १९.३, दीव २०.७. अर्ध्या-एका अंशाची चूक दिसली तर नाक मुरडू नका. डुलत्या डेकवर पितळी कडं (अ‍ॅस्ट्रोलेब, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं साधन) हातात लोंबकळत धरून काढलेलं माप आहे ते. वास्को द गामाने नोव्हेंबर १४९७ मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात जमिनीवर उतरून माप घेतलं ते याच त्रासामुळे. अशी सागरी कडी फारशी मोठीही नसत. ओमानजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या एस्मेराल्दा जहाजाच्या अवशेषांत २०१४ साली सापडलेलं कडं साडेसतरा सेंटिमीटर व्यासाचं आहे.

हे नुसतं वाचून समजत नाही, करून पाहायला हवं. दोन प्रयोग सांगतो.

पहिला काठीचा. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास सपाट गच्चीवर बरोबर एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. घड्याळात बारा वाजताची नव्हे. आपली वेळ अलाहाबादजवळच्या रेखांशावर चालते, त्यामुळे कोकणात खरी मध्यान्ह साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान येते. सावली मुंबईत सुमारे ३४ सेंटिमीटर भरेल, पणजीत सुमारे २८. सूर्याचा खस्वस्तिकापासूनचा, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनचा, कोन त्या दिवशी थेट अक्षांशाइतका असतो, म्हणून गणित एका ओळीचं.

बाकीच्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या वर किंवा खाली असतो. तो फरक कोष्टकातून घ्यावा लागतो. अब्राहाम झाकुतोची अशी कोष्टकं १४९६ मध्ये पोर्तुगालच्या लैरिया गावी छापली गेली. फरक माहीत असला तरी कोकणात एक खोच राहते. शून्य सावलीचे दिवस आपल्याला माहीत आहेत. मुंबईत ते मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी येतात. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. युरोपात शिकलेलं सूत्र तसंच लावलं तर उत्तर चुकतं. म्हणून वाटाड्यांच्या नियमांत पहिला प्रश्न असे: सावली कुठल्या बाजूला पडते?

दुसरा प्रयोग कमालचा. अरबी समुद्रावरच्या मालमांचं, म्हणजे स्थानिक वाटाड्यांचं, हे साधन पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासूनचं. लाकडाची छोटी फळी, मध्यातून निघालेली दोरी आणि दोरीवर गाठी. गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर आणि वरची कड ध्रुवताऱ्यावर बसली की आपण त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आलो. १० सेंटिमीटर उंचीच्या पुठ्ठ्याला दोरा लावा आणि गाठी अशा मारा: ३० सेंटिमीटरवर मुंबई, साडेतेहेतीसवर रत्नागिरी, सुमारे साडेछत्तीसवर पणजी. ही अंतरं डोळ्यापासूनची आहेत, म्हणून गाठ दातात न धरता डोळ्याजवळ धरा आणि दोरा ताणलेला ठेवा.

अडचण अशी की कोकणचे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत आणि ध्रुवतारा उत्तरेला. उत्तरेकडे मोकळं पाणी दिसेल असं एखादं टोक शोधावं लागेल. शिवाय तारा आणि क्षितिज दोन्ही दिसायला तिन्हीसांजेची किंवा चांदण्याची वेळ गाठावी लागते. गच्चीवरून करायचं तर कोनमापकाला दोऱ्याने वजन टांगा आणि त्याच्या सरळ कडेवरून तारा बघा. क्षितिजाची गरज पडत नाही.

आज हा प्रयोग सोपा झालाय, कारण ध्रुवतारा आता खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहूनही जवळ आहे. १५०० च्या सुमारास तो साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभर त्या बिंदूभोवती फिरत असे. साडेतीन अंश म्हणजे किती? मुंबई आणि पणजी यांच्या अक्षांशांत जवळपास तेवढाच फरक आहे. दुरुस्ती न करता ध्रुवताऱ्याच्या उंचीवर विसंबलेला माणूस एका मुक्कामाला दुसरा समजू शकला असता. म्हणून शेजारचे ‘रक्षक’ नावाचे दोन तारे ध्रुवाच्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहून किती अंश मिळवायचे वा वजा करायचे याचे नियम वाटाडे पाठ करत.

पायरी ६: पूर्व-पश्चिम आणि अंतरं, सावधपणे

इथे नकाशाशी भांडू नका, कारण भांडण निकाली निघत नाही. रेखांश मोजायला दोन ठिकाणच्या वेळांतला फरक लागतो आणि जहाजावर टिकणारं भरवशाचं घड्याळ जॉन हॅरिसनने बनवलं ते अठराव्या शतकात. १७६१ मध्ये ते जमैकाच्या सफरीवर गेलं तेव्हा काँतीनो नकाशाला अडीचशे वर्षं उलटली होती. तोवर अंदाजच: दिशा होकायंत्रावरून, वेळ अर्ध्या तासाच्या वाळूच्या घड्याळावरून आणि वेग बव्हंशी नजरेने. गाठींची दोरी पाण्यात सोडून वेग मोजायची रीत छापील पुस्तकात पहिल्यांदा १५७४ मध्ये इंग्रज विल्यम बोर्न याने दिली.

अंतराची पट्टी बहुधा लीग या जुन्या सागरी मापात असते. पोर्तुगीज वाटाडे एका अंशाला साडेसतरा लीग धरत, त्याआधी काही जण पावणेसतरापेक्षा थोडं कमी. त्या हिशोबाने गोवा ते मुंबई सुमारे ६० लीग. तुमच्या नकाशावर पट्टीने मोजून बघा. उत्तर-दक्षिण पसरलेल्या किनाऱ्यावर हे जुळतं आणि आडव्या समुद्रावर फसतं, तेव्हा मागच्या पायरीत एवढा वेळ का घातला ते आपोआप कळेल.

पायरी ७: होकायंत्रावरही शंका घ्या

सुई खऱ्या उत्तरेला थांबत नाही आणि फरक जागोजागी वेगळा असतो. त्यामुळे सुईच्या भरवशावर काढलेला किनारा नकाशात तिरका होतो. भूमध्य समुद्राचे जुने तक्ते आजच्या नकाशावर ठेवले तर अख्खा समुद्र नऊ-दहा अंशांनी घड्याळाच्या उलट्या दिशेला फिरलेला दिसतो. नकाशा वाकडा वाटला तर आधी तो थोडा फिरवून बघा. पुष्कळदा आकार जुळतो.

या फरकावरून रेखांश काढता येईल असं त्या काळी अनेकांना वाटे. पेद्रो नुनिश या गणितज्ञाने सुचवलेलं सावलीचं उपकरण घेऊन कास्त्रोने १५३८ मध्ये लिस्बन ते गोवा मापं घेतली आणि त्या कल्पनेतला दम काढून टाकला. पुढे डिसेंबरमध्ये वसईजवळ त्याला सुई खडकांच्या सान्निध्याने भरकटताना दिसली. कोकणचा कातळ बेसाल्टचा, त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिज असतं. एखाद्या किल्ल्याच्या तटाजवळ काळ्या दगडाला साधं होकायंत्र लावून पाहा. कधी सुई ढिम्म राहते, कधी चांगलीच वळते. मोबाइलमधलं होकायंत्र मात्र मोटारीजवळ आणि लोखंडी कठड्याजवळही बिघडतं, तेव्हा त्यावर कास्त्रोगिरी करू नका.

पायरी ८: मर्केटर दिसला तर

१५६९ मध्ये गेरार्डुस मर्केटरने १८ कागदांवर छापलेल्या जगाच्या नकाशात अक्षांशांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढवत नेलं. त्यामुळे एकच दिशा धरून केलेला प्रवास नकाशावर सरळ रेष म्हणून उमटतो. अंतर वाढवायचं गणित एडवर्ड राइटने १५९९ मध्ये कोष्टकांसह छापलं, तरी वाटाडे पुढेही बराच काळ जुने सपाट तक्तेच वापरत राहिले. ओळखायची खूण साधी आहे. कडेच्या पट्टीवर विषुववृत्ताजवळचे दहा अंश आणि वरचे दहा अंश मोजा. सारखे भरले तर सपाट तक्ता, वर लांब होत गेले तर मर्केटरची पद्धत. कोकणच्या अक्षांशांवर हा फरक इतका कमी असतो की आपल्या कामात त्याने फारसं बिघडत नाही.

पायरी ९: कोणी कोणाचं उतरवलं ते शोधा

पहिला नकाशा अंगवळणी पडला की दुसरा शेजारी ठेवा. काँतीनोच्या शेजारी १४८२ चा जर्मनीतल्या उल्म इथे छापलेला, प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीचा नकाशा ठेवून बघा. टॉलेमीच्या नकाशात भारताचं द्वीपकल्प जवळजवळ सपाट आणि खाली तप्रोबाना (म्हणजे श्रीलंका) नावाचं अवाढव्य बेट. वीस वर्षांनी द्वीपकल्पाला टोक आलं. मधल्या काळात गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला होता. मालिंदीहून त्याला वाट दाखवणारा वाटाडा मिळाला होता, तेव्हा त्या टोकात या समुद्रावरच्या मालमांचं ज्ञानही आहे. अशा मालमांच्या स्वतःच्या पोथ्याही होत्या. कच्छ-गुजरातकडची सतराव्या शतकातली एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कोकणासाठी जोडी निवडायची तर फेर्नांव वाझ दोरादोचा नकाशासंग्रह आणि लिन्सखोटेनचा नकाशा. दोरादो गोव्यातच जन्मला आणि त्याचे हाताने काढलेले देखणे संग्रह १५६८ ते १५८० या काळातले, काही थेट गोव्यात केलेले. डच लिन्सखोटेन १५८३ मध्ये आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून गोव्यात आला, पाच-सहा वर्षं राहिला आणि पोर्तुगीजांनी जपलेली मार्गांची माहिती घेऊन परतला. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलं गेलं आणि डच-इंग्रज जहाजांना पूर्वेची वाट मोकळी झाली.

दोन्ही नकाशांतली गोवा ते दीव ही नावं एकाखाली एक लिहून काढा. दोन स्तंभ करा आणि तिसऱ्यात आजचं नाव. एखादं नाव एका नकाशात चुकीच्या खाडीवर बसलं असेल आणि तीच चूक दुसऱ्यातही असेल तर ती उतरवलेली समजा. लिहिणाऱ्याला स्थानिक उच्चार ठाऊक नसला की अक्षरं गळतात किंवा दोन नावं एक होतात. ते दुवे सापडले की नकाशांची वंशावळ हाताला लागते. शेवटी त्यातल्या एका खाडीचं कास्त्रोने काढलेलं चित्र उघडा, शेजारी आजचं उपग्रहचित्र ठेवा आणि तोंडाशी वाळूचा दांडा किती सरकलाय ते बघा. दाभोळपासून सुरुवात करायला हरकत नाही.